इंग्लंडमधले जुने पब बंद पडत आहेत, तर त्यात एवढे हळहळण्यासारखे काय आहे?

दारू विकणारी ठिकाणे कमी होत असतील तर लोक शहाणे झाले असे का म्हणू नये, आणि पबची जागा कॉफीची दुकाने का घेऊ शकत नाहीत, असे तुम्ही विचारले आहे. मी बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिक या गावात नऊ वर्षे राहिलो. त्या नऊ वर्षांत मी प्यायलेल्या बिअरचा हिशेब फारच किरकोळ भरेल, तेव्हा पुढचे उत्तर म्हणजे दारूची वकिली समजू नये.

आधी शब्दाचा घोळ मिटवलेला बरा. पुण्या-मुंबईत ‘पब’ म्हटले की कानठळ्या बसवणारे संगीत आणि दारातला बाउन्सर आठवतो, ‘गुत्ता’ म्हटले की चोरटेपणा. इंग्लंडमधला गल्लीतला पब या दोन्हींत बसत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या पबमध्ये संगीत नव्हतेच. तेथे वेटर येत नसे. ज्याने त्याने काउंटरपाशी जाऊन आपला पेला आणायचा, आणि खरी गंमत या गैरसोयीतच होती, कारण काउंटरपाशी खोळंबलेली दोन माणसे निदान पावसाबद्दल तरी बोलतातच. मंगळवारी प्रश्नमंजुषा, गुरुवारी डार्ट्स या छोट्या बाणांच्या खेळाचा संघ, रविवारी दुपारी मांसाची सोडत. (होय, तिकीट काढायचे आणि नंबर लागला तर खाटकाकडचे मांस घरी न्यायचे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ती चेष्टाच वाटली होती.) सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ रोज चार वाजता येत, माइल्ड नावाची तिकडची सौम्य, काळसर बिअर अर्धा पाइंट घेत आणि सहाला उठत. एकदा ते सलग दोन दिवस आले नाहीत, तेव्हा पबच्या मालकीणबाईंनी एका गिऱ्हाइकाला त्यांच्या घरी पाठवले. ते तापाने अंथरुणाला खिळले होते. बोलावणे नसताना, कारण न सांगता, एकट्याने चालत जाऊन बसता येईल आणि आपण आलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल, अशी ती जागा होती.

पब बंद का पडतात असे विचारले की लोक जुलै २००७ मधली धूम्रपानबंदी, सुपरमार्केटमधली स्वस्त बिअर, २००८ नंतर काही वर्षे महागाईपेक्षा वेगाने वाढवत नेलेला बिअरवरचा कर आणि अलीकडची करोनाची टाळेबंदी ही कारणे सांगतात. ती खोटी नाहीत. पण ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१८ मध्ये एक गोष्ट दाखवून दिली, ती तुमच्या ‘शहाणे झाले’ या तर्काला छेद देते: आधीच्या दहा वर्षांत सुमारे ११,००० पब बंद झाले, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, आणि तरीही या धंद्यातली एकूण नोकऱ्यांची संख्या घटली नाही. बंद झाले ते प्रामुख्याने छोटे पब. मोठे, जेवण वाढणारे पब उलट वाढले. म्हणजे लोक बाहेर पडायचे थांबले नव्हते, चालत जाण्याच्या अंतरावरची जागा मात्र गेली होती.

माझ्या मते मूळ दुखणे मालकीचे आहे, आणि त्याची सुरुवात एका चांगल्या हेतूने केलेल्या नियमापासून होते. पूर्वी बहुसंख्य पब बिअर बनवणाऱ्या बड्या कंपन्यांच्या मालकीचे असत. ही मक्तेदारी मोडावी म्हणून १९८९ मध्ये सरकारने ठरवले की ज्या कंपनीकडे २,००० पेक्षा अधिक पब असतील तिने २,००० च्या वरच्या पबपैकी निम्मे विकावेत किंवा आपलीच बिअर विकण्याच्या सक्तीतून मोकळे करावेत. कंपन्यांनी पब विकले, पण ते घेतले कोणी, तर बिअरचा एक थेंबही न बनवणाऱ्या, केवळ इमारती बाळगणाऱ्या नव्या कंपन्यांनी. त्यांनी प्रचंड कर्ज काढून हजारो पब गोळा केले. पब चालवणारा हा त्यांचा भाडेकरू. त्याने भाडेही द्यायचे आणि बिअरही त्यांच्याकडूनच, खुल्या बाजारापेक्षा चढ्या दराने घ्यायची. २००८ च्या मंदीनंतर कर्ज डोईजड झाले, तेव्हा चालत्या पबपेक्षा त्याखालची जमीन अधिक मोलाची ठरली. त्यात २०१७ पर्यंत इंग्लंडमध्ये पबचे दुकान करायला बहुतेक वेळा वेगळी परवानगीही लागत नसे. आमच्या मालकीणबाईंचे भाडे कराराच्या नूतनीकरणात वाढले आणि त्यांनी किल्ल्या परत केल्या. खिडक्यांवर दोन वर्षे फळ्या ठोकलेल्या होत्या, मग तेथे फ्लॅट झाले.

हे सगळे सांगताना एक गोष्ट लपवली तर उत्तर अप्रामाणिक ठरेल. ज्या ‘सामुदायिक स्वरूपा’बद्दल एवढी हळहळ व्यक्त होते, त्या समुदायात आपल्यासारख्यांना जागा नव्हती. १९६० च्या दशकात स्मेदिकमधल्या कित्येक पबमध्ये गोऱ्यांखेरीज इतरांना काही खोल्यांत बसू देत नसत, कोठे पेलाच देत नसत. पोलाद ओतण्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांच्या इंडियन वर्कर्स असोसिएशनने याविरुद्ध लढा दिला. फेब्रुवारी १९६५ मध्ये, हत्येच्या जेमतेम नऊ दिवस आधी, अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिकला आले आणि असा भेदभाव पाळणाऱ्या एका पबमध्येही जाऊन आले. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव बेकायदा ठरवला. पुढे कारखाने बंद पडले आणि त्या भागातले अनेक डबघाईला आलेले पब पंजाबी कुटुंबांनीच चालवायला घेतले. आज त्यांना ‘देसी पब’ म्हणतात. डार्ट्स तेच, बिअर तीच, फक्त भाजक्या मांसाऐवजी तंदुरी मिक्स्ड ग्रिल. शेजारच्या वेस्ट ब्रॉमिच गावातल्या ‘रेड लायन’ पबमध्ये तर या स्थलांतरितांच्या कहाणीची रंगीत काचांची खिडकी आहे. ज्यांना दारातून परतवले त्यांनीच पब तगवले, ही गोष्ट तेथल्या जुन्या गोऱ्या गिऱ्हाइकांकडूनच मी प्रथम ऐकली.

पब वाचवण्याचे उपायही झाले आहेत. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने २००३ मध्ये आपला ‘ओल्ड क्राउन’ सहकारी तत्त्वावर विकत घेतला. २०११ च्या कायद्यानुसार एखादा पब ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवला असेल, तर तो विकायला निघाल्यावर बोली लावण्यासाठी गावकऱ्यांना सहा महिने मिळू शकतात. लंडनमधला ‘कार्लटन टॅव्हर्न’ २०१५ मध्ये विकासकाने विनापरवाना पाडला, तेव्हा पालिकेने तो होता तसा पुन्हा बांधायला लावला. २०२१ मध्ये तो उघडला. त्या बातमीने मला आनंद झाला, पण मधल्या सहा वर्षांत तेथली माणसे कोठे बसत असतील हा विचारही मनात आलाच.

राहिला कॉफीच्या दुकानाचा प्रश्न. आमच्याकडे एक दुकान होते. ते साडेपाचला बंद होई, आणि माणसे लॅपटॉपकडे तोंड करून बसत. आमचा डार्ट्सचा संघ वेस्ट ब्रॉमिचच्या बाजूच्या एका देसी पबमध्ये गेला आणि गुरुवारी मिक्स्ड ग्रिल खात खेळू लागला. माइल्ड पिणाऱ्या गृहस्थांनाही त्यांनी बोलावले होते. पण तेथे जायला दोन बस बदलाव्या लागत. ते एकदाच आले, नंतर आले नाहीत.