सकाळी भिंतींवर पाणी कशासाठी?

प्रश्न : आमच्या जुन्या इमारतीचे बाहेरचे प्लास्टर नव्याने होत आहे. कामगार रोज सकाळी बराच वेळ भिंतींवर नुसते पाणी मारतात. हा वेळेचा अपव्यय नव्हे काय?

उत्तर : मुळीच नाही. कोरडी वीट ओल्या मालातले, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणातले, पाणी शोषून घेते आणि प्लास्टर पुरते घट्ट होण्याआधीच भिंतीपासून सुटू लागते. म्हणून जुना थर फोडून, विटांचे सांधे खरवडून झाल्यावर भिंत भिजवूनच गवंडी थापी हाती घेतो. आधी झालेल्या प्लास्टरलाही किमान ७ दिवस पाणी द्यावे लागते, आणि घाईच्या कामात दुर्दैवाने नेमके हेच टाळले जाते. लक्ष ठेवायचेच असेल, तर जेवणाच्या सुट्टीआधी कालवलेला माल नंतर पुन्हा पाणी घालून वापरला जात नाही ना, हे परांचीजवळ (कामगारांना उभे राहण्यासाठी बांधलेल्या मचाणाजवळ) उभे राहून पाहावे. तसे दिसल्यास मुकादमाला काम तत्काळ थांबवण्यास सांगावे.