पुण्यात गच्चीवरच्या रॉक गार्डनमध्ये आल्प्समधल्या गादीसारख्या वनस्पती जगतील का?

अशा वनस्पती पुण्यात जगतील का आणि मातीचे मिश्रण कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे. हिवाळ्यात त्या जगतील, पण उन्हाळा काढणार नाहीत आणि त्याचे कारण पाण्याची कमतरता हे नाही.

माझ्या मुलीने परदेशातून सायलीन अकॉलिस या आल्प्समधल्या गादीसारख्या वनस्पतीचे बी पाठवले होते. ते ओलसर वाळूत मिसळून काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवले, नंतर बारीक खडी आणि धुतलेल्या वाळूत पेरले. फेब्रुवारीअखेर अंगठ्याच्या नखाएवढ्या हिरव्यागार गाद्या तयार झाल्या, पण एप्रिल लागताच त्या मधोमध तपकिरी पडू लागल्या. आमच्या मेव्हण्यांचा बागकामातला शब्द घरात अंतिम मानला जातो. त्यांनी ‘पाणी कमी पडते आहे’ असा निकाल दिला आणि मी गावाला गेलो असताना सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घातले. परतल्यावर मी एक गादी त्यांच्यासमोर उकलली, तेव्हा आतली जुनी पाने चिंब होती आणि खोड व मूळ जुळते ती जागा काळी पडून कुजली होती. तरीही त्यांचे म्हणणे आजतागायत बदललेले नाही.

या वनस्पतींची घडणच थंडीसाठी आहे. आखूड फांद्या इतक्या दाटीने वाढतात की वारा आत शिरत नाही, उन्हाची ऊब साठून राहते आणि गादी भोवतालच्या हवेपेक्षा बरीच उबदार होते. तिथे जो आधार, तोच इथे घात करतो. शिवाय श्वसन रात्रीही चालते आणि उष्णतेबरोबर वाढते. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीचे तापमान २२-२३ अंशांच्या आसपास राहते, तेव्हा दिवसा तयार झालेली साखर रात्रीतच खर्ची पडते. अशा दुबळ्या रोपावर ओल साचली की बुरशी धरते. लंडनच्या क्यू उद्यानात २००६ साली उघडलेल्या आल्पाइन हाउसमध्येसुद्धा, म्हणजे उंच पर्वतांवरच्या वनस्पतींसाठीच्या काचगृहातसुद्धा, हवा जमिनीखालच्या काँक्रीटच्या मार्गांतून गार करून झाडांपर्यंत पोहोचवतात. नुसत्या पाण्याने भागले असते तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

पुण्यात खडकावरची बाग करायची तर सह्याद्रीच्या कड्यावरचीच झाडे लावावीत, असे माझे ठाम मत आहे. जुन्नरजवळ शिवनेरीच्या कड्यावर सापडणारी शिंदळ माकुडी पावसाळ्यात पाने आणि पिवळ्या ठिपक्यांची गडद तांबडी फुले धरते, उन्हाळ्यात पाने गाळून मांसल खोडावर तग धरते आणि फांदीपासून सहज रुजते. ती अतिशय दुर्मिळ असल्याने कड्यावरून मात्र तोडू नये. ज्यांनी कुंडीत वाढवली आहे त्यांच्याकडून फांदी घ्यावी. महाबळेश्वरला घर असेल तर आल्प्सची झाडे तिथे जगतील, असेही समजू नका, कारण तिथला पाऊस त्यांना पुण्याच्या उन्हाइतकाच मारक आहे.

सह्याद्रीच्या झाडांसाठी मातीच्या मिश्रणात तीन भाग खडी व वाळू आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा पुरतो. शेणखत अजिबात घालू नये. आपण गावाला जाताना बाग ज्यांच्या हवाली कराल, त्यांना माकुडीला उन्हाळ्यात रोज पाणी घालू नका असे लिहून द्या, कारण पाने गळालेली खोडे पाहून अनेकांचा हात आपोआप झारीकडे जातो.