खिशातला घडीचा चाकू : सेबेन्झा, पॅरा मिलिटरी की बगआउट?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याचे भांडार मी सांभाळतो. दिवसभर खोकी उघडणे, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि सुतळी कापणे हे काम असते आणि घरी फळे चिरण्याची हौस आहे. या सगळ्यासाठी एकच उत्तम घडीचा चाकू घ्यावा आणि तो पुढची वीस वर्षे वापरावा अशी इच्छा आहे. दिवाळीला मामा अमेरिकेहून येत आहेत, ते आणायला तयार आहेत. क्रिस रीव्हचा लहान सेबेन्झा ३१, स्पायडर्कोचा पॅरा मिलिटरी २ आणि बेंचमेडचा बगआउट अशी तीन नावे मनात आहेत. पण पोलादांची नावे वाचून गोंधळ वाढतच गेला. कोणता घ्यावा? आणि असा चाकू खिशात ठेवून नागपुरात वावरणे कायद्यात बसते का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : आपला गोंधळ पोलादापासून सुरू झाला आहे, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू. बगआउटच्या मूळ आवृत्तीत एस-३०-व्ही, पॅरा मिलिटरीत एस-४५-व्हीएन आणि हल्लीच्या सेबेन्झात मॅग्नाकट हे पोलाद असते. तिन्ही पोलादे भुकटीपासून केलेली, म्हणजे वितळलेल्या धातूची आधी बारीक भुकटी करून ती उष्णतेने आणि दाबाने पुन्हा घट्ट केलेली असतात, त्यामुळे पोलादातले कार्बाइडचे कठीण कण बारीक आणि एकसारखे विखुरलेले राहतात. एस-३०-व्ही क्रूसिबल या अमेरिकी कंपनीने खास चाकूंसाठी घडवले आणि त्यात सेबेन्झाचे निर्माते क्रिस रीव्ह यांचा स्वतःचा सहभाग होता. मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाचे काम असून ते २०२१ मध्ये बाजारात आले. क्रोमियमचे कार्बाइड होऊ न देता क्रोमियम पोलादातच विरघळलेले ठेवल्यामुळे मॅग्नाकट गंजाला फार चांगला टिकाव धरते. घामेजल्या खिशात आणि लिंबू-संत्र्याच्या रसात या गुणाचा उपयोग आहे. पण खोक्यांचा पुठ्ठा कोणत्याही धारेला झिजवतो, आणि भांडारातल्या रोजच्या कामात या तीन पोलादांपैकी कोणते जास्त दिवस टिकले हे हाताला कळेल असे मला वाटत नाही. पोलादावरून निवड करू नये.

हाताला कळते ती पात्याची जाडी. बगआउटचे पाते पाठीकडे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास आहे, लहान सेबेन्झाचे तीन आणि पॅरा मिलिटरीचे साडेतीनच्या थोडे पुढे. सफरचंदाची फोड करताना बगआउट सरळ उतरतो, तर जाड पाते फळात अर्ध्यावर गेले की ते चिरण्याऐवजी फाकवू लागते. पॅरा मिलिटरीचे पाते पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरत आणलेले असल्यामुळे जाडीच्या मानाने ते बरेच चांगले कापते आणि त्याची मूठ तिघांत सर्वांत भक्कम पकड देते, हे मान्य केलेच पाहिजे. वजनात बगआउट अवघा ५२ ग्रॅम, लहान सेबेन्झा ८५ च्या आसपास आणि पॅरा मिलिटरी ११० च्या घरात. बगआउटची प्लॅस्टिकची मूठ जोरात आवळली की किंचित दबते. त्याने काम अडत नाही, पण घट्ट ताणलेली पट्टी कापताना काहींना ते खटकते.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. आपण वीस वर्षे म्हणता, आणि या तिन्ही कंपन्यांचे कारखाने अमेरिकेत आयडाहो, कोलोरॅडो आणि ओरेगॉन या राज्यांत आहेत. चाकूत काही बिघडले तर सीताबर्डीच्या दुकानात नेऊन तो नीट होणार नाही आणि परदेशी पाठवून परत मागवणे हा खर्चाचा आणि मनस्तापाचा मार्ग आहे. तेव्हा जो चाकू घरच्या टेबलावर पूर्ण सुटा करून, साफ करून, पुन्हा जसाच्या तसा जोडता येईल आणि ज्यात मोडण्यासारखे नाजूक भाग कमीत कमी असतील, तो नागपुरात राहणाऱ्या माणसाचा खरा चाकू होय.

या कसोटीवर सेबेन्झा वेगळा उठून दिसतो. मुठीच्या दोन टायटॅनियमच्या पट्ट्या आहेत आणि त्यांपैकी एक चिरून स्प्रिंगसारखी केली आहे. पाते उघडले की ती पट्टीच आत सरकून पात्याच्या बुडाशी टेकते आणि पाते आपोआप मिटू देत नाही. फ्रेम लॉक नावाने आज जगभर वापरली जाणारी ही रचना मुळात क्रिस रीव्ह यांची आहे. टायटॅनियम पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे दोन्हींचा स्पर्श होतो तिथे झीज होऊ शकते, म्हणून त्या टोकावर सिरॅमिकची बारीक गोळी बसवलेली असते. पाते ज्या आसावर फिरते तिथे एक अचूक मापाचा बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, आहे. इतर बहुतेक चाकूंत आसाचा स्क्रू जास्त आवळला तर पाते अडते आणि सैल ठेवला तर खुळखुळते. इथे स्क्रू पूर्ण आवळून बंद केला तरी तो बुशवर जाऊन थांबतो, पात्यावर दाब येत नाही आणि ते सुरळीत फिरत राहते. पेटीत एलन की, ग्रीस आणि लॉकटाइटची, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाची, छोटी ट्यूब दिलेली असते, कारण मालकाने चाकू स्वतः खोलावा हे कंपनीला मंजूरच आहे. पुठ्ठ्याचा भुसा आणि टेपचा चिकटा लॉकच्या खोबणीत साचतो, त्यामुळे आपल्यासारख्याला अधूनमधून तो खोलावा लागणारच.

बगआउटच्या ॲक्सिस लॉकमध्ये आडवी पोलादी दांडी असते आणि तिला ढकलणाऱ्या तारेच्या दोन नाजूक स्प्रिंगा असतात. लॉक भक्कम आहे, वापरायला तर तिघांत सर्वांत सुखाचा आहे, पण एखादी स्प्रिंग तुटली की ती इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी वस्तू नव्हे. पॅरा मिलिटरीचा कॉम्प्रेशन लॉक मुठीच्या पाठीकडे असतो, त्यामुळे पाते मिटताना बोट त्याच्या वाटेत येत नाही. या बाबतीत तो सेबेन्झाहून सरस आहे, कारण फ्रेम लॉकमध्ये अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेवर ठेवावाच लागतो.

तरीही आपल्याला मी लहान सेबेन्झा घ्या असेच सांगेन. किंमत बाकी दोघांच्या दुपटीच्या घरात जाते हे खरे. पण आपल्या कामाला लागणारी मजबुती, फळाला पुरेशी पातळ धार आणि घरच्या घरी निगा या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आहेत. माझी अट एकच. टायटॅनियमच्या मुठीवर पहिल्याच आठवड्यात ओरखडे उमटतील आणि ते पाहून जिवाला लागत असेल, महागडा चाकू खिशात ठेवून खोकी मात्र स्टेशनरीच्या दुकानातल्या कटरने उघडायची वेळ येणार असेल, तर पॅरा मिलिटरी घ्या आणि मोकळ्या मनाने वापरा.

धारेबद्दल एक कळकळीची सूचना. हा चाकू सायकलवर साण घेऊन गल्लीत फिरणाऱ्या धारवाल्याकडे कृपा करून देऊ नका. तो विळी, सुरी, कात्री उत्तम लावून देतो, त्याच्या हाताबद्दल माझी तक्रार नाही. पण कोरड्या फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात तापते आणि एकदा धारेचा रंग निळसर झाला की त्या जागेचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले असे समजावे. शिवाय या पोलादांतले व्हॅनेडियमचे कार्बाइड साध्या दगडाच्या कणांहून कठीण असतात. ४०० आणि १००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितके कण बारीक) दोन डायमंड पट्ट्या घ्या, प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन धरा आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर धार फिरवा. धार पूर्ण बोथट होण्याची वाट न पाहता ती लागायची कमी झाली की लगेच थोडे काम केले, तर ते पाच मिनिटांत आटोपते.

कायद्याचे म्हणाल तर शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची दखल घेतली आहे आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामाची हत्यारे वगळली आहेत. आपण निवडलेल्या तिन्ही चाकूंची पाती साडेतीन इंचांच्या आत आहेत आणि ती अंगठ्याने उघडावी लागतात. बटन दाबताच उसळणारा चाकू मात्र घेऊच नका. याहून जवळचा विषय म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३७. त्याखाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी चाकूसह अनेक वस्तू बाळगण्यास मनाई करू शकतात. सणासुदीला, मिरवणुकांच्या दिवसांत आणि हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास शहरात कोणता आदेश लागू आहे हे पाहत जा आणि तो असेल तेव्हा चाकू कारखान्यातच ठेवा. एरवीही माझे मत असे की क्लिप बाहेर दिसेल असा तो खिशाला अडकवू नये, जेवणाच्या डब्याबरोबर पिशवीत ठेवावा. न्यायालय, विधानभवन किंवा मेट्रो यांच्या तपासणीला तो घेऊन जाणे म्हणजे विनाकारण अडचण ओढवून घेणे. मामांना सांगा की विमानात तो चेक-इन सामानातच हवा, केबिनच्या पिशवीत चालणार नाही, आणि बिल बरोबर असावे. या तिन्ही चाकूंच्या हुबेहूब नकला स्वस्तात विकल्या जातात, तेव्हा खरेदी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच व्हावी.

प्रश्न : आमची काटोलजवळ संत्र्याची बाग आणि छोटी रोपवाटिका आहे. मी डावखुरी आहे. डोळे भरण्यासाठी (म्हणजे कलमासाठी एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्या रोपाच्या सालीखाली बसवण्यासाठी) आणि रोजच्या वापरासाठी मिळून एकच भारी घडीचा चाकू घेतला तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, काटोल

उत्तर : ताई, या दोन कामांना दोन चाकू घ्या. वरच्या पत्रातले तिन्ही चाकू दोन्ही बाजूंनी उतार दिलेले आहेत. डोळा काढताना पाते सालीखालून सपाट सरकावे लागते, आणि त्यासाठी एका बाजूने पूर्ण सपाट, दुसऱ्या बाजूने उतार असलेले पातळ पाते हवे. दोन्हीकडून उतार असलेले पाते लाकडात शिरते किंवा वर निसटते. असे चाकू जर्मनीची टीना आणि स्वित्झर्लंडची व्हिक्टोरिनॉक्स या कंपन्या करतात. आपण डावखुऱ्या असल्यामुळे उतार उलट्या बाजूला असलेला चाकू मागून घ्या. उजव्या हाताचा चाकू डाव्या हातात धरला तर सपाट बाजू नको तिकडे येते आणि काप वाकडा जातो. सवय नसल्याने असे होते असे समजून अनेक जण वर्षानुवर्षे त्याच चाकूशी झगडत राहतात. रोजच्या वापरासाठी मात्र आपल्याला बगआउट उत्तम, कारण त्याचा लॉक दोन्ही हातांनी सारखाच चालतो आणि क्लिपही बाजू बदलून लावता येते.

आपल्या कामात धारेइतकीच पात्याची स्वच्छता मोलाची आहे. लिंबूवर्गीय झाडांतला एक्झोकॉर्टिस हा रोग पात्यावरच्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो आणि त्याला स्पिरिटने पुसणे पुरत नाही. सुमारे एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, ताज्या द्रावणात एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाते बुडवावे. ज्यांचे डोळे घेता ते मातृवृक्ष निरोगी आहेत ना याची खात्री नागपुरात अमरावती रस्त्यावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेत विचारून करून घ्यावी. ब्लीच पोलादाला खाते, अगदी न गंजणाऱ्या पोलादावरही बारीक खड्डे पाडते; म्हणून दिवसाचे काम संपताच चाकू साध्या पाण्याने धुऊन, घडीच्या सांध्यात कापडाचे टोक घालून कोरडा करा आणि पात्याला व सांध्याला तेलाचा हलका हात द्या.