मौलाना, मौलवी, आलिम, हाफिज, मुफ्ती : एकच की वेगवेगळे?

प्रश्न असा आहे : एका बातमीत एकाच गृहस्थांना वर मौलवी, मधे मौलाना आणि शेवटी मुफ्ती म्हटलंय, शिवाय 'त्यांनी आलिमचा कोर्स केला आहे' असंही लिहिलंय, तर हे सगळे समानार्थी शब्द आहेत का, आलिम ही डिग्री असेल तर ती बारावीच्या बरोबरीची की बीएच्या, आणि जाता जाता 'मदरशात' लिहायचं की 'मदरसात'?

आधी थोडक्यात सांगते. समानार्थी अजिबात नाहीत. मौलाना हा मान देण्याचा शब्द आहे, मौलवीही बहुतेक वेळा तसाच, आणि हाफिज, आलिम, मुफ्ती हे माणूस काय आणि किती शिकलाय ते सांगणारे शब्द आहेत. एकाच व्यक्तीला यातले अनेक लागू पडू शकतात, पण लिहिताना एकच शब्द परत नको म्हणून दुसरा टाकला असं इथे करता येत नाही. आपण एखाद्या एमडी झालेल्या बाईंना पहिल्या ओळीत डॉक्टर, दुसरीत नर्स आणि तिसरीत फार्मासिस्ट लिहू का? मला हे मनापासून खटकतं, कारण या प्रत्येक शब्दामागे कुणाची तरी आठ-दहा वर्षांची मेहनत असते आणि ती एका बेफिकीर शब्दाने पुसली जाते.

हाफिजपासून सुरू करू कारण तो सगळ्यात सोपा. मूळ धातू ह-फ-ज, अर्थ राखणं, जपणं, आपल्या ओळखीचा हिफाजत त्यातलाच. ज्याला संपूर्ण कुराण तोंडपाठ आहे तो हाफिज, मुलगी असेल तर हाफिजा. ११४ सूरा (अध्याय), वाचायच्या सोयीसाठी केलेले ३० पारे (भाग), आणि नुसते शब्द नाही तर कुठला वर्ण घशातून, कुठला जिभेच्या टोकातून, कुठे किती लांबवायचा हे सगळं (त्या शास्त्राला तजवीद म्हणतात) बिनचूक यावं लागतं. रमजानमध्ये रात्रीच्या तरावीहच्या नमाजेत जे पूर्ण कुराण म्हटलं जातं ते हाफिज म्हणतो, आणि मागे दुसरा हाफिज उभा असतो, पुढचा कुठे अडखळला तर सांगायला. पण हाफिज झाला म्हणजे अरबी भाषा कळते असं नाही, पाठांतर ही वेगळी विद्या आहे. बरीच मुलं लहान वयात हाफिज होतात आणि मग कुणी शाळेत जातं, कुणी पुढे आलिम व्हायला जातं. शिराझचा फारसी कवी हाफिज, त्याचं हे टोपणनावही याच पाठांतरावरून आलंय.

आता आलिम. धातू अ-ल-म, जाणणं. इल्म म्हणजे ज्ञान, आलिम म्हणजे जाणणारा, मालूम म्हणजे जाणलेलं, मुअल्लिम म्हणजे शिकवणारा, आणि तालीम म्हणजे शिकवणं. हो, तीच आपली तालीम! कोल्हापुरातली गंगावेस तालीम आणि नाटकाची रंगीत तालीम दोन्ही याच धातूची लेकरं, फक्त मराठीत येताना शिकवण्याचा अर्थ कुस्ती आणि सराव याकडे वळला. उर्दूत मात्र तालीम म्हणजे सरळ शिक्षण.

आलिमचं अनेकवचन उलमा, मराठीत उलेमा. म्हणजे 'एक उलेमा म्हणाले' हे व्याकरणाने चुकतं, 'एक आलिम म्हणाले', 'उलेमांनी सांगितलं' असं हवं. यावर कुणी म्हणेल की मराठीने अरबी अनेकवचनं एकवचनी वापरायचा परिपाठच ठेवलाय, आणि ते खरं आहे, अहवाल हे हाल या शब्दाचं अनेकवचन आहे, उमराव हे अमीरचं, औलाद हे वलदचं, आणि आपण बिनदिक्कत 'एक अहवाल', 'एक उमराव' म्हणतो. पण तिथे एकवचनाची गरज पडत नाही, अर्थच बदललाय. इथे आलिम हा एकवचनी शब्द जिवंत आहे, लोक रोज वापरतात, मग तो सोडून उलेमा कशाला.

हिंदुस्थानात आलिम होण्याचा जो जुना सिलॅबस आहे त्याला दर्स-ए-निजामी म्हणतात. हे नाव मराठी माणसाने ऐकलं की त्याला आधी हैदराबादचा निजाम आठवतो, पण त्याचा काही संबंध नाही, आणि अकराव्या शतकात बगदादला निजामिया मदरसा काढणाऱ्या वजीर निजामुल्मुल्कचाही नाही. हे नाव लखनौच्या फिरंगी महल या विद्वानांच्या घराण्यातल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्यावरून पडलं, ते १७४८ साली वारले. त्यांनी लावून दिलेल्या क्रमात अरबीचं व्याकरण (सर्फ आणि नह्व), तर्कशास्त्र म्हणजे मंतिक, तत्त्वज्ञान, फिकह म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा, मग कुराणावरचं भाष्य आणि हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदी असं येतं, आणि त्यांच्या काळात तर्क आणि तत्त्वज्ञानावर भर फार होता, त्याने डोकं तयार होतं आणि विद्यार्थी पुढे स्वतःच्या बळावर कुठलाही ग्रंथ वाचू शकतो असा त्यामागचा विचार. उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या मोठ्या मदरशाने नंतर हाच सिलॅबस घेतला पण वजन हदीसकडे सरकवलं. तिथल्या शेवटच्या वर्षाला दौरा-ए-हदीस म्हणतात, त्यात बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई, इब्न माजा हे सहा संग्रह गुरूसमोर वाचून पुरे होतात. मग दस्तारबंदी, डोक्याला पगडी बांधतात, आणि सनद मिळते.

ही सनद थांबून बघण्यासारखी आहे. आपल्याकडे पेशवाईत वतनाची सनद, आज सनदी अधिकारी, सनदी लेखापाल. अरबीत सनद म्हणजे आधार, आणि हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे 'मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून' अशी थेट पैगंबरांपर्यंत जाणारी माणसांची साखळी. जुन्या काळी विद्यार्थी संस्थेचं सर्टिफिकेट घेत नसे, एकेका गुरूकडून एकेक ग्रंथ शिकवायची इजाजत घेई, म्हणजे तू कुठे शिकलास यापेक्षा कुणाकडे शिकलास हा प्रश्न मोठा. बिदरला महमूद गवानचा १४७२चा मदरसा आपल्यातल्या अनेकांनी पाहिला असेल, तिथे शिकून बाहेर पडलेला माणूस बिदरची डिग्री नाही तर गुरूचं नाव सांगत असणार.

हे बदललं एकोणिसाव्या शतकात. कैरोच्या अल-अजहर या जुन्या विद्यापीठात १८७२च्या कायद्याने आलिम म्हणवून घ्यायला ठरलेली परीक्षा आली. इकडे १८६६ साली देवबंदला छत्ता मशिदीत, एका डाळिंबाच्या झाडाखाली एक शिक्षक आणि एक विद्यार्थी यांच्यावर दारुल उलूम सुरू झालं, आणि गंमत म्हणजे इंग्रजी राज्याशी फटकून असलेल्या या मंडळींनी वर्ग, ठरलेला सिलॅबस, वार्षिक परीक्षा, छापील वार्षिक अहवाल ही सगळी व्यवस्था नव्या कॉलेजांच्या धर्तीवरच उभी केली. पैसा मात्र सरकारचा किंवा नबाबाचा नको, लोकांच्या छोट्या छोट्या चंद्यावर चालायचं, असं संस्थापकांपैकी मोहम्मद कासिम नानौतवी यांनी नियमातच घालून दिलं. तिथपासून आलिम ही समाजाने दिलेली मान्यता न राहता संस्थेने दिलेली पदवी व्हायला लागली.

आणि संस्था आली तशी नावामागची उपाधीही आली, जी मराठी वाचक नेहमी आडनाव समजतो. कासमी म्हणजे देवबंदचा (नानौतवींच्या कासिम या नावावरून), नदवी म्हणजे लखनौच्या नदवतुल उलमाचा, मजाहिरी म्हणजे सहारनपूरच्या मजाहिर उलूमचा, अजहरी म्हणजे कैरोचा. एकट्या आझमगढ जिल्ह्यातून तीन उपाध्या निघतात, मुबारकपूरचे मिस्बाही, सरायमीरचे इस्लाही आणि बिलरियागंजचे फलाही. म्हणजे नाव वाचूनच तो माणूस कुठल्या परंपरेत घडला ते जाणकाराला कळतं. हदीस शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या हजारो स्त्रियांची चरित्रं ऑक्सफर्डमध्ये राहून ४३ खंडांत गोळा करणारे मोहम्मद अक्रम नदवी मूळचे जौनपूरकडचे, पण आडनाव वाटणारा तो नदवी लखनौचा. गावावरूनही उपाधी पडते, तो मात्र वेगळा प्रकार. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम उभी करणारे आणि २०११ साली काही महिने देवबंदचे मोहतमिम म्हणजे प्रमुख असलेले गुलाम मोहम्मद वस्तानवी यांचं वस्तानवी हे गुजरातेतल्या वस्तान गावावरून. त्यांच्या संस्थेने हिफ्ज (कुराण पाठांतर) आणि आलिमच्या वर्गांबरोबर इंजिनिअरिंग, फार्मसी आणि जालना जिल्ह्यात बदनापूरकडे मेडिकल कॉलेजही काढलं, त्यामुळे अक्कलकुव्याहून 'शिकून आला' एवढ्यावरून काय शिकून आला ते कळत नाही, विचारावं लागतं.

आता बरोबरीचं. इथे खरा गुंता आहे आणि बातमीदाराला दोष द्यायच्या आधी तो समजून घ्यायला हवा. उत्तर प्रदेशच्या सरकारी मदरसा बोर्डात मुन्शी किंवा मौलवी म्हणजे दहावी, आलिम म्हणजे बारावी, कामिल म्हणजे बीए, फाजिल म्हणजे एमए अशी उतरंड होती, पण सुप्रीम कोर्टाने ५ नोव्हेंबर २०२४ला बोर्डाचा कायदा वैध ठरवला आणि कामिल-फाजिल मात्र काढून टाकले, कारण पदव्या देणं हे यूजीसीच्या कायद्याखाली येतं. पश्चिम बंगालमध्ये आलिम म्हणजे दहावी आणि फाजिल म्हणजे बारावी! बांगलादेशात सरकारी व्यवस्थेतल्या आलिया मदरशांत आलिम बारावीला, फाजिल पदवीला, कामिल एमएला, आणि तिथल्या सरकारशी फटकून असलेल्या कौमी मदरशांच्या दौरा-ए-हदीसला २०१८च्या कायद्याने एमएचा दर्जा मिळाला. देवबंद, नदवा अशा संस्थांची आलिमियत (आलिमची पदवी) किंवा फजीलत (त्यापुढची) या कुठल्याच बोर्डाची नाही, अलिगढ, जामिया मिलिया अशी विद्यापीठं ठरावीक मदरशांच्या यादीप्रमाणे ती धरून पुढे अॅडमिशन देतात. म्हणून 'आलिम म्हणजे कितवी' याला एक उत्तर नाही. लिहिताना 'अमुक संस्थेतून आलिमियत' असं लिहिलं की काम होतं. मुलींसाठी आलिमा म्हणा, मालेगावच्या जामिअतुस सालिहातसारख्या मुलींच्या मदरशांतून आलिमा होऊन बाहेर पडलेल्या कितीतरी जणी पुढे शिकवतात, त्यांना 'मौलवीण' असा शब्द बनवून लावू नका.

मुफ्ती ही आलिमच्या पुढची पायरी. आलिम झाल्यावर इफ्ताचा वेगळा कोर्स, त्यात विचारलेल्या प्रश्नावर आधीच्या शास्त्रींची मतं शोधून लेखी उत्तर कसं द्यायचं ते शिकवतात. त्या उत्तराला फतवा म्हणतात. आता आपण मराठीत 'पक्षाने फतवा काढला', 'कॉलेजने जीन्सबंदीचा फतवा काढला' असं सर्रास लिहितो, तिथे आपल्याला हुकूम म्हणायचं असतं. फतवा कुणी आपणहून काढत नाही, आधी कुणीतरी विचारावं लागतं, आणि विचारणाऱ्याला तो पटला नाही तर तो दुसऱ्या मुफ्तीकडे जाऊ शकतो. २०१४ साली सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की फतवा हे मत आहे, त्याला कायद्याचं बळ नाही. निवाडा करायचं काम काझीचं, ते पद निराळं. हुकुमासाठी आपल्याकडे हुकूम आहे, फर्मान आहे, आदेश आहे, फतव्याला मोकळं सोडावं असं मला फार वाटतं.

राहिले मौलाना-मौलवी. मौला म्हणजे स्वामी, मौलाना म्हणजे 'आमचे स्वामी'. हा पूर्णपणे मानाचा शब्द, परीक्षा वगैरे काही नाही. स्वातंत्र्यलढ्यातले नेते मोहम्मद अली जौहर ऑक्सफर्डला शिकलेले, शायर हसरत मोहानी अलिगढचे बीए, दोघंही मौलाना. अबुल कलाम आझाद घरीच वडील आणि शिक्षकांकडे शिकले, तेही मौलाना. तुर्कस्तानात नुसतं मेवलाना म्हटलं की फक्त रूमी. मौलवीचा वापर तसाच, पण आज बरेच आलिम मौलाना जास्त पसंत करतात, मौलवीला बातम्यांतून आणि सिनेमांतून थोडा हिणकस वास चिकटलाय, म्हणून शंका असेल तिथे मौलाना लिहिणं सभ्यपणाचं. मुल्ला त्याच मुळाचा, आणि एकेकाळी फिरंगी महलच्या निजामुद्दीन यांच्यासारख्या मोठ्या विद्वानांना लागायचा, आता हिणवायला वापरतात. आपल्या गावगाड्यातला मुलाणी किंवा मुलाणाही इथूनच आलेला, पण तो बलुत्यातला मान, तिथून आडनाव, आज मुलाणी आडनावाचा माणूस तलाठी असेल नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये असेल.

शेवटचं, मदरसा. द-र-स म्हणजे शिकणं, त्याला म लागून जागा दाखवणारा शब्द झाला, मशीद (सजदा करायची जागा), मैफल (जमायची जागा), इतकंच काय राजवाड्यातला मुदपाकखाना (मतबख, शिजवायची जागा) हे सगळे त्याच साच्यातले. अरब देशांत मदरसा म्हणजे कुठलीही शाळा, दुबई-मस्कतला राहिलेल्यांनी गणित-सायन्सच्या शाळांवर ही पाटी पाहिलेली असेल, धार्मिक शाळा हा अर्थ आपल्याकडचा. मकतब हा 'लिहिण्याची जागा', आपल्याकडे लहान मुलांचा कुराण वाचनाचा वर्ग, बहुतेक मशिदीलाच जोडून, आणि अरब देशांत आज चक्क ऑफिस.

आणि रूप 'मदरशात' हेच बरोबर. मराठीत 'सा'ने संपणाऱ्या पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप 'शा' होतं, पैसा-पैशात, घसा-घशात, ससा-सशाला, तसं मदरसा-मदरशात, अनेकवचन मदरसे, मदरशांमध्ये. 'मदरश्यात' नको, 'मदरसात' तर नकोच.