वाचकांचे प्रश्न : फोटो लख्ख, मग माप का चुकते?

प्रश्न : खडी क्रशरवरचा ढीग मोजायला २० मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा ड्रोन १०० मीटर उंचीवरून उडवला. सॉफ्टवेअर रिझोल्यूशन २.७ सेंमी दाखवते, पण टेपने ५० मीटर भरलेले अंतर फोटो जोडून बनलेल्या त्रिमितीय मॉडेलवर ४९.६० येते. आणखी खालून उडवू का? (सातारा)

उत्तर : खालून उडवून ही तूट भरणार नाही. २.७ सेंमी म्हणजे एका पिक्सेलमध्ये मावणारी जमीन. सेन्सर १३.२ मिमी रुंद, लेन्स ८.८ मिमी आणि फोटो ५४७२ पिक्सेल रुंद असेल, तर १३.२ गुणिले १०० मीटर, भागिले (८.८ गुणिले ५४७२), एवढाच तो हिशेब. ६० मीटरवरून १.६ सेंमी येईल, फोटो आणखी स्वच्छ दिसतील आणि ५० मीटर तरीही ४९.६०च्या आसपासच भरतील. कारण मॉडेलला स्केल, म्हणजे मापाचे प्रमाण, मिळते ते ड्रोनच्या साध्या जीपीएसवरून, आणि ते मीटर-दोन मीटर सहज इकडेतिकडे होते.

लांबीतली ०.८ टक्के तूट घनफळात जवळजवळ तिप्पट होते. ५००० घनमीटरच्या ढिगात ती साधारण १२० घनमीटर, म्हणजे ४२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). रॉयल्टी ब्रासवर मोजतात, तेव्हा हा फरक सोडून देण्यासारखा नाही.

जमिनीवर कंट्रोल पॉइंट, म्हणजे नेमकी जागा मोजलेल्या खुणा, द्या : चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक आणि जमल्यास ढिगाच्या माथ्यावर एक. त्यांची मापे आरटीके रोव्हरने (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएस) किंवा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारे सर्वेक्षणाचे यंत्र) घ्या. खुणेसाठी चुन्याची फक्की नको, कडा पसरतात आणि मधला बिंदू पिक्सेलभरही नेमका पकडता येत नाही. दोन फुटी फ्लेक्सवर काळे-पांढरे चौकोन छापून घ्या आणि चारही कोपरे खिळ्यांनी ठोका.

आणखी तीन-चार बिंदू मोजा, पण सॉफ्टवेअरला जुळणीसाठी देऊ नका. मॉडेल त्यांच्यावरच तपासायचे. जुळणीला वापरलेल्या बिंदूंची चूक रिपोर्टात नेहमीच गोड दिसते. सगळे नीट जमले तर आडव्या मापात एक-दोन पिक्सेल आणि उंचीत दोन-तीन पिक्सेल फरक धरून चाला.

शटरही पाहा. ताशी २९ किमी वेगाने, १/२५० सेकंदाला ड्रोन ३.२ सेंमी सरकतो, म्हणजे पिक्सेलपेक्षा जास्त. १/१००० ठेवा.

प्रश्न : आमच्या ड्रोनवरच आरटीके आहे. तरी कंट्रोल पॉइंट लागतात का? (नाशिक)

उत्तर : निदान एक, आणि तपासणीचे बिंदू वेगळे. लेन्सच्या फोकल लांबीचा अंदाज जरासा चुकला तरी सगळे मॉडेल वर किंवा खाली बसते. फक्त सरळ खाली पाहणारे फोटो असतील तर सपाट मैदान मधोमध फुगलेले किंवा खोलगटही निघते. त्यासाठी तिरक्या कोनातून एक फेरी जास्त मारा.

मात्र ढिगाच्या मापात आम्हाला सर्वात मोठी गफलत दिसते ती तळाची. सॉफ्टवेअर ढिगाच्या कडा जोडून तळ सपाट धरते आणि यार्ड मात्र उताराचे किंवा खड्ड्याखळग्यांचे असते. २००० चौरस मीटर तळात ५ सेंमी चूक म्हणजे १०० घनमीटर. माल पडण्याआधी रिकाम्या यार्डचे एक उड्डाण करून ठेवा आणि त्याच कंट्रोल पॉइंटांवर पुढची मापे घ्या.