वाचकांचे प्रश्न : उंच केलेल्या गाडीचे ब्रेक होज

प्रश्न : माझी फोर बाय फोर गाडी तीन इंच उंच करून घेतली आहे. ब्रेक होज, म्हणजे ब्रेकचं तेल चाकापर्यंत नेणाऱ्या लवचिक नळ्या, मात्र मूळचेच आहेत. आता स्टीलच्या जाळीचे होज बसवायचे आहेत. मूळ लांबीत तीन इंच मिळवून मागवले तर चालतील का?

उत्तर : असा हिशेब करू नका. सपाट जमिनीवर गाडी उभी असताना मूळ होजसुद्धा पुरेसा वाटतो. त्याच्यावर ताण येतो तो चाक खड्ड्यावर अधांतरी लोंबतं तेव्हा, आणि ते किती खाली जाईल हे नव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या लांबीवर ठरतं. गाडी तीन इंच उचलली असली तरी चाक कधी दोन इंच जास्त खाली जातं, तर कधी पाच.

म्हणून मोजूनच घ्या. चेसिसखाली भक्कम स्टँड लावा, चाकं काढा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडलेलेच ठेवून अ‍ॅक्सल हळूहळू खाली सोडा. त्याआधी होजची ब्रॅकेटवरची क्लिप काढा, आणि तरीही होज ताणला जायला लागला तर तिथेच थांबा. पुढे जायचं तर आधी होज सोडवून तोंडं बंद करा. अ‍ॅक्सल पूर्ण खाली गेल्यावर जाड इलेक्ट्रिक वायरचा तुकडा होजच्या वाटेने धरून लांबी घ्या. पुढच्या चाकांना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून मोजा, आणि सगळ्यांत जास्त भरेल ती लांबी धरा. दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग अ‍ॅक्सल असेल तर एक बाजू वर, दुसरी खाली अशा स्थितीतही पाहा. आलेल्या लांबीत तीस-चाळीस मिलिमीटर सैल ठेवा.

मग उलटी तपासणी : जॅकने अ‍ॅक्सल बंप स्टॉपपर्यंत (त्याला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) वर घ्या. आता सैल होजचा वेटोळा टायर, स्प्रिंग किंवा सायलेन्सरच्या पाइपला लागतो का? गरजेपेक्षा लांब होज इथेच घासून फाटतो. ही तपासणी बरेच जण करत नाहीत.

प्रश्न : रबरी होजपेक्षा जाळीचे होज खरंच चांगले का?

उत्तर : दाबाखाली ते कमी फुगतात, म्हणून पेडल घट्ट लागतं. त्यामुळे गाडी कमी अंतरात थांबेल असं मात्र समजू नका. ते टायर आणि जमिनीच्या पकडीवर अवलंबून आहे. आतली टेफ्लॉनची नळी पिळली किंवा तीव्र कोनात वाकवली तर कायमची मोडते. उघड्या जाळीत वाळू शिरते आणि ती नळीला कानशीसारखी घासत राहते, तेव्हा वर प्लास्टिकचं आवरण असलेलेच घ्या. योग्य लांबीचा दर्जेदार रबरी होज हाही उत्तम पर्याय आहे.

दोन्हींत ‘डॉट’ची (अमेरिकी परिवहन खात्याच्या मानकाची) खूण आणि कारखान्यात दाबून बसवलेली टोकं पाहा. टोकांचं माप तर डोळ्यात तेल घालून तपासा. अनेक गाड्यांत दहा मिलिमीटर, एक पिचचा (म्हणजे दोन आट्यांत एक मिलिमीटर अंतर असलेला) आटा असतो, पण सव्वा पिचचाही मिळतो. लोखंडी पाइपाचं पसरवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, कुठल्या आकाराचं आहे, बबल फ्लेअर की डबल फ्लेअर, तेही जुळायला हवं. आटे जुळले आणि फ्लेअर वेगळी निघाली, तर नट कितीही आवळा, गळती थांबणार नाही. बॅन्जो बोल्टला (होजचं टोक धरणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घाला आणि तो कंपनीने दिलेल्या टॉर्कवरच आवळा.

प्रश्न : होज बदलल्यावर पेडल मऊ लागतं आणि मागचे ब्रेक कमी पकडतात.

उत्तर : मऊ पेडल म्हणजे बहुधा ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा. कॅलिपर (चकतीवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) काढले असतील तर डावा-उजवा अदलाबदल झालेत का बघा. ब्लीड निपल (हवा काढायचं तोंड) खाली आलं, तर हवा वरच अडकून राहते. हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून (पेडलने तेल दाबणाऱ्या सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात करतात, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला क्रमच पाळा. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल तर काही गाड्यांत स्कॅनर लावूनच ती निघते.

मागच्या ब्रेकचं कारण वेगळं असू शकतं. मागच्या अ‍ॅक्सलला दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (गाडीतल्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब बदलणारा) असेल, तर गाडी उंच झाल्यावर त्याला ती रिकामी वाटते आणि तो मागचा दाब कमी करतो. अ‍ॅक्सलकडचं ब्रॅकेट गाडी उचलली तेवढं वर घेऊन दांडी पुन्हा मूळ कोनात आणा. ती तारेने बांधून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते.