गोष्टी सांगून मुलांना व्याकरण शिकवता येतं का?

तुमची मुलगी पाचवीत आहे, 'सामान्यरूप लिहा' किंवा 'प्रयोग ओळखा' आलं की रडकुंडीला येते, तर गोष्टींचा काही उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. होतो. मी प्राथमिकच्या मुलांना मराठी शिकवते. फक्त 'नामराजा' आणि 'क्रियापदराणी' छापाच्या गोष्टींच्या नादी लागू नका. त्यात राजा लक्षात राहतो, नाम राहत नाही. नियमामुळेच गोष्टीत काहीतरी घडायला हवं.

तिला येणारीच गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. आता विचारा, प्रत्यय लागण्याआधी कोण कोण बदललं? कावळ्याचा 'कावळ्या' झाला, शेणाचं 'शेणा', पाऊस तर 'पावसात' म्हटल्यावर ओळखूही येत नाही. चिमणी मात्र ढिम्म हलली नाही. झालं सामान्यरूप.

प्रयोगांसाठी प्रश्न एकच: क्रियापद कोणाचं ऐकतं? 'कावळा पेरू खातो', 'चिमणी पेरू खाते' यात खाणाऱ्याचं. कर्त्याला 'ने' चिकटला की त्याचं काही चालत नाही. 'चिमणीने पेरू खाल्ला', 'चिमणीने चिंच खाल्ली'. चिमणी तीच, पण हुकूम पेरूचा, नाहीतर चिंचेचा. आणि कर्मालाही 'ला' किंवा 'ना' लागला तर? 'चिमणीने कावळ्याला हाकललं', 'कावळ्याने चिमण्यांना हाकललं'. आता क्रियापद कोणालाच भीक घालत नाही, आपलं 'हाकललं'वर अडून बसतं. वर्गात हे आम्ही नाटकासारखं करतो आणि क्रियापद व्हायला भांडणं लागतात. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं त्यानंतर सांगायची, आधी नाही.

एखादं चलाख पोर विचारतंच, "'मी पेरू खाल्ला' यात 'ने' कुठंय?" 'मी' तो दाखवत नाही, पण बोलणारी मुलगी असो की मुलगा, 'खाल्ला' बदलत नाही, म्हणजे ऐकणं पेरूचंच. 'चिमणी पाणी प्यायली' हा आणखी हट्टी प्रकार. पिणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदं भूतकाळातही कर्त्याला 'ने' लावू देत नाहीत. अशी आणखी कोणती, ते तिलाच शोधू द्या, बरं खेळेल.

ऱ्हस्व-दीर्घासाठी मात्र गोष्टी रचत बसू नका. 'मूल' पण 'मुलाला', 'फूल' पण 'फुलाला', हे लिहून लिहूनच हातात बसतं.